श्रीलंकेत खाद्यभ्रमंती आणि जंगल सफारी: मार्गदर्शकाचे पैसे भरावेत का?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात श्रीलंकेला जाण्याचा आमचा बेत आहे. बरोबर सत्तरीला आलेले आई-बाबा आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. आम्ही सर्व शाकाहारी असून अंडेही चालत नाही. प्रवासी कंपनीने कोलंबोत संध्याकाळची फूड वॉक आणि याला राष्ट्रीय उद्यानात पूर्ण दिवसाची जीप सफारी सुचवली आहे. दोन्हींचे पैसे पॅकेजच्या वर आहेत. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री उभे राहून खाणाऱ्याला खाण्यासाठी वाटाड्या कशाला हवा, असे बाबांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की मार्गदर्शक खरोखर कुठे लागतो आणि कुठे नाही.

चोरलकर

जंगलाबाबत आधी लिहितो, कारण तिथली पद्धत आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे. कान्हा किंवा पेंचला जिप्सीत सहा प्रवासी आणि त्यांच्याबरोबर वनखात्याचा गाइड असतोच. यालात मात्र प्रत्येक जीपबरोबर ट्रॅकर, म्हणजे प्राण्यांचा माग काढणारा वाटाड्या, असेलच असे गृहीत धरू नये, कारण पुष्कळदा गाडी हाकणाराच प्राणीही दाखवतो. तेव्हा ‘गाइडेड’ म्हणजे गाडीत नेमके कोण बसणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

श्रीलंकेत वाघ-सिंह नसल्यामुळे बिबट्या हाच तिथला सर्वांत मोठा शिकारी आहे, आणि म्हणून तो भर दिवसा उघड्या खडकावर पसरलेला दिसू शकतो. पण त्याची वर्दी मिळताच उद्यानाच्या पहिल्या ब्लॉकमधल्या (विभागातल्या) जीपा एकाच वाटेवर धाव घेतात. पुढचा हलत नाही, मागचा वाट देत नाही, आणि धुरळा बसेपर्यंत बिबट्या उठून गेलेला असतो. चांगला ट्रॅकर अशा वेळी गाडी बाजूला काढून एखाद्या तळ्याकाठी थांबवतो, जिथे मगरी, चित्रबलाक आणि रानम्हशी निवांत पाहता येतात. पैसे द्यायचे ते याच जाणतेपणाचे.

डिसेंबरात ईशान्य मोसमी पावसामुळे जागोजागी पाणी असते आणि प्राणी पाणवठ्यांवर एकवटत नाहीत. शिवाय सत्तरीच्या माणसांनी खडबडीत वाटेवर दिवसभर जीपमध्ये हादरे खावेत, हे मला पटत नाही. आपल्या जागी मी उडवलवे राष्ट्रीय उद्यानाची अर्ध्या दिवसाची सफारी घेईन. तिथे हत्ती बाराही महिने दिसतात आणि जवळच १९९५ पासून चालणारे अनाथ हत्तीपिल्लांचे केंद्र आहे. पिल्लांना दूध पाजताना लांबून पाहता येते, हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा जंगलात सोडायचे असते. मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानातला हत्तींचा प्रसिद्ध मेळावा मात्र साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळातला आहे. तो डिसेंबरात दाखवण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्याच्याकडून इतर काहीही घेऊ नये.

मालती_सुदामानगर

राजेंद्रनगरकरांच्या बाबांना नम्रपणे सांगावेसे वाटते की सराफ्यात भुट्ट्याच्या कीसात काय पडते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. कोलंबोच्या पेट्टा बाजारात ते ठाऊक नसते. पोल सांबोल दिसायला आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखा, पण त्यात बहुधा उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या मासळीचा चुरा, असतो. लुणु मिरिस या तिखट चटणीतही तो घालतात, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण तिथे त्याला मासळी नव्हे तर मसाला समजतात. कोत्तू या चिरलेल्या रोटीच्या पदार्थाचे तर तव्यापासूनच अवघड आहे. दोन लोखंडी पात्यांनी खणखणाट करत रोटी चिरतात तो तवा आधीच्या गिऱ्हाइकाच्या कोंबडीचाही असतो.

म्हणून पहिल्या संध्याकाळी मार्गदर्शक जरूर घ्यावा आणि त्याच्याकडून हे प्रश्न सिंहलीत विचारायला शिकून घ्यावे. पुढे त्याची फारशी गरज पडत नाही. साधे बिनअंड्याचे हॉपर (वाटीच्या आकाराचे आप्पम), शेवयांसारखे इडियाप्पम आणि कोवळ्या फणसाची ‘पोलोस’ करी मुलांनाही आवडेल; फक्त करीतही उंबलकड नाही ना, हे विचारून घ्यावे. कोलंबोच्या वेल्लवत्त भागात तमिळ शाकाहारी खानावळी आहेत, तिथे आई-बाबांना निर्धास्त बसता येईल. यालाच्या वाटेवर तिस्समहारामाच्या आसपास मातीच्या मडक्यांत म्हशीचे दही विकतात. त्यावर किथुल माडाचा काकवीसारखा पाक ओतून खावे.

पलासियाकर

वेगळे मत मांडतो. श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना असलेला चालक-मार्गदर्शक संपूर्ण प्रवासासाठी ठेवल्यास फूड वॉकचा स्वतंत्र खर्च करावा लागत नाही. स्वयंपाकघरात जाऊन चौकशी तोच करतो.

मालती_सुदामानगर

चौकशी करतो हे खरे, पण असे चालक बहुधा प्रवाशांसाठीच उघडलेल्या बुफेच्या ठिकाणी नेतात, कारण तिथे त्यांचे जेवण फुकट होते. गावातले खायचे असेल, तर जागा आपण आधीच ठरवून त्यांना सांगाव्यात.

राजेंद्रनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यालाऐवजी उडवलवे आणि पहिल्या संध्याकाळची फूड वॉक असे ठरवतो; बाबाही उंबलकडचे ऐकून राजी झाले आहेत. मुलांना सिंहराजाचे वर्षावनही दाखवावे का?

चोरलकर

अवश्य दाखवावे, मात्र आई-बाबांना त्या दिवशी मुक्कामी विश्रांती द्यावी, कारण वाट पायी आणि निसरडी आहे. १९८८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे आणि आत वाटाड्याबरोबरच जावे लागते. वेगवेगळ्या जातींचे पक्षी तिथे एकाच थव्यात चरत फिरतात. कोतवाल पक्ष्याचा आवाज आला की वाटाड्या थांबवील, तेव्हा मुलांनी हलू नये. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे इंदूरहूनच न्यावेत आणि पँटचे पाय त्यांत खोचावेत.