गावच्या शाळेचे पगार, पोरांचं वाचन आणि धंद्यांचा आकडा, कुठं मिळेल?

सत्तरीकर
मंडळी, रविवारी ग्रामसभा आहे. मागच्या वेळी एकजण उठला आणि म्हणाला की सरकारी टीचरना एवढा पगार आणि पोरांना धड वाचता येत नाही, म्हणून लोक इंग्रजी शाळेत पाठवतात, आणि सगळे गप्प, कारण आकडा कोणाकडंच नव्हता. आमच्या मराठी प्राथमिक शाळेत १४ मुलं, दोन टीचर. पगार, मुलांची तयारी आणि गावात छोटे धंदे किती, हे तिन्ही अधिकृत कुठं मिळेल?

निवृत्त_मास्तर
पगाराचं सोपं आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४: कर्मचाऱ्यांचा मासिक पगार खात्यानं न मागताच जाहीर करायचा असतो. नसेल तर १० रुपये भरून अर्ज टाक, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण रेग्युलर आणि लेक्चर बेसिसवाले (तासाप्रमाणे पैसे मिळणारे) एकत्र करून सरासरी काढू नको हां, दोघांच्या पगारात जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि कोणी बेसिक सांगतो कोणी हातात येणारा, मग भांडण पगारावर राहतच नाही.

आकडेमोड्या
यूडायस प्लसवर (शाळांच्या माहितीची सरकारी वेबसाईट) शाळेचा ११ आकडी कोड टाक, पट, शिक्षक, संडास, वीज सगळं दिसेल, वाचन मात्र दिसणार नाही. वाचनासाठी लोक 'परख' या केंद्राच्या मूल्यमापन संस्थेचा सर्व्हे नाचवतात, तो ४ डिसेंबर २०२४ ला झाला, तिसरी, सहावी, नववीचा, पण निवडक शाळांत, त्यामुळं जिल्ह्यापुरतं बोलता येतं, तुझ्या वाड्यावरच्या शाळेबद्दल काहीच नाही. आणि १४ पोरांत तिसरीला असतील तीन, एकाला त्या दिवशी ताप आला की टक्के ३३ नं घसरले! त्यापेक्षा निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणित मोहिमेचं माप घे: तिसरी संपताना अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द, समजून. टीचरना विचारून मोबाईलवर मिनिट लावायचं, झालं.

खाजेंवाला
धंद्यांचं मी सांगतो, कारण त्या आकड्यात मी स्वतः आहे, तोही चुकीचा 😄 २०२१ मध्ये रेंट-अ-बाईकसाठी उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंद) केली, फुकट होती, आधारवर पाच मिनिटांत झाली. वर्षभरात गाड्या विकल्या, आता जत्रांत खाजें (गोड खाऊ) विकतो, पण नोंदणी रद्द करायचं राहूनच गेलं. म्हणजे उद्यमचा आकडा 'किती नोंदले' सांगतो, किती चालतात ते नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढाल मर्यादा १० कोटी केलीय, तेव्हा नाक्यावरचा पसरो (किराणा दुकान) आणि बऱ्यापैकी हॉटेल एकाच डब्यात. पंचायतीत ट्रेड लायसन्सची यादी माग, यंदा कोणी रिन्यू केलं ते बघ.

आकडेमोड्या
+१. आणि ती यादी घेऊन एकदा नाक्यावरून चालत जा, कुठलं शटर खाली आहे ते कळेल.

सत्तरीकर
देव बरें करूं सगळ्यांचं. सेक्रेटरी उद्या लायसन्सचं रजिस्टर दाखवतो म्हणालाय, पगाराचा अर्ज आज टाकला, पण रविवारच्या आत काही येत नाही. भाची तिसरीत आहे, तिला काल पेपरातली बातमी वाचायला दिली. मिनिटात ५४ शब्द, 'अध्यक्षपदासाठी'ला अडली, आणि मग मलाच विचारलं, मामा तू किती वाचतोस?