इगोर स्टिमॅच यांची भारतातील पाच वर्षे: अपयश नेमके कोणाचे?

मध्यरेषा (प्रश्न):

इगोर स्टिमॅच यांना भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदावरून १७ जून २०२४ रोजी दूर करण्यात आले. त्याला आता बराच काळ लोटला असला, तरी त्यांचे नाव निघाले की मते आजही दोन टोकांना जातात. खेळाडू म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. १९८७ साली चिलीमध्ये युगोस्लाव्हियाच्या ज्या युवा संघाने वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला, त्यात बोबान, शुकर, प्रोसिनेच्की यांच्या बरोबरीने ते होते. पुढे १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीचे ते आधारस्तंभ होते, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डर्बी काउंटीकडून खेळून त्यांनी मोठे नाव कमावले होते. अशा माणसाच्या हाती आपला संघ पाच वर्षे होता आणि अखेरीस आशिया चषकात आपल्याला एकही गोल करता आला नाही. उत्तम खेळाडू परदेशात जाऊन राष्ट्रीय संघ घडवू शकतोच असे नाही, एवढाच याचा अर्थ घ्यावा, की दोष दुसरीकडे शोधावा? केवळ निकालांची यादी न देता कारणांविषयी कोणी सविस्तर लिहिले, तर आभारी राहीन.

जुना बचावपटू:

आपण प्रश्न योग्य ठिकाणाहून सुरू केला आहे. स्टिमॅच ज्या व्यवस्थेतून आले, ती लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या भारतातील कामाचा हिशेब लागत नाही, असे मला वाटते. क्रोएशियातील हायदुक स्प्लिटसारख्या क्लबमध्ये मुलगा लहान वयात दाखल होतो, प्रत्येक वयोगटात त्याला प्रशिक्षक आणि स्पर्धा मिळते आणि तो वरिष्ठ संघात पोहोचतो तेव्हा खेळाची मूलतत्त्वे त्याच्या अंगवळणी पडलेली असतात. १९८७ चा तो संघ या घडणीचे फळ होता. मे २०१९ मध्ये भारताची सूत्रे घेताना स्टिमॅच यांना जो संघ मिळाला, त्यातील अनेकांना ही मूलतत्त्वे राष्ट्रीय शिबिराच्या आठ-दहा दिवसांत शिकवावी लागणार होती. राष्ट्रीय प्रशिक्षकाला हे काम करावे लागू नये. तयार खेळाडूंतून संघ बांधणे हे त्याचे काम.

तरीही त्यांनी सुरुवात धाडसाने केली. थायलंडमधील किंग्ज चषकात त्यांनी अनेक नवोदितांना पदार्पणाची संधी दिली, त्यात मुंबईकर राहुल भेके आणि गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस हेही होते. पहिल्याच सामन्यात क्युरसावकडून १-३ असा पराभव झाला. अहमदाबादच्या आंतरखंडीय चषकात ताजिकिस्तानने चार आणि उत्तर कोरियाने पाच गोल चढवले, तरी त्यांनी चेंडू पायात ठेवून मागून खेळ रचण्याचा आग्रह सोडला नाही.

त्या पर्वाचा सर्वोच्च क्षण १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे आला. कतार त्या वेळी आशियाई विजेता होता आणि आपला कर्णधार आणि प्रमुख आघाडीपटू सुनील छेत्री आजारपणामुळे मैदानात नव्हता. गुरप्रीतसिंग संधूच्या नेतृत्वाखालील संघाने यजमानांना शून्यावर रोखले. कतारच्या आक्रमकांनी दोन डझनांहून अधिक फटके मारले, पण बचावपटू झिंगन आणि आदिल खान दर वेळी चेंडू व गोल यांच्या मध्ये उभे राहत होते आणि जे त्यांच्याकडून सुटले, ते गोलरक्षक गुरप्रीतने अडवले. हा सामना मी पुन्हा पाहतो तेव्हा मला त्यात स्वतः मध्यवर्ती बचावपटू राहिलेल्या प्रशिक्षकाचा हात स्पष्ट दिसतो: दोन फळ्यांमधील अंतर जवळजवळ कोठेही वाढलेले नाही. मात्र बचाव शिकवता येतो, गोल करणारा खेळाडू असा काही दिवसांत घडवता येत नाही. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध बरोबरी साधण्यासाठी ८८ व्या मिनिटाला आदिल खानच्या हेडरची, म्हणजे पुन्हा एका बचावपटूची, वाट पाहावी लागली.

अर्धा मैदान:

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण सगळा दोष व्यवस्थेच्या माथी मारला, तर प्रशिक्षकाला जबाबदारीच उरत नाही. २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेत बंगळूरू येथे पाकिस्तानविरुद्ध आपण आघाडीवर असताना स्टिमॅच यांनी थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या हातातील चेंडू काढून घेतला आणि लाल कार्ड ओढवून घेतले. कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा लाल कार्ड मिळाले. परिणामी उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाकावरून संघ सांभाळण्याची जबाबदारी सहायक प्रशिक्षक महेश गवळी यांच्यावर आली. संघाने शूटआऊटमध्ये चषक जिंकला, हे श्रेय गवळी आणि खेळाडूंचे आहे. खेळाडूंची बाजू घेऊन उभे राहणारा प्रशिक्षक मलाही आवडतो. पण निर्णायक सामन्यांत तो बाकावर नसेल, तर त्या तळमळीचा संघाला काय उपयोग?

शिवाय क्रोएशियाचे प्रशिक्षक असतानाही त्यांची वाटचाल अशीच होती. २०१४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संघ गटात दुसरा आला, स्कॉटलंडने त्यांना घरच्या आणि परक्या अशा दोन्ही मैदानांवर हरवले, आणि प्लेऑफच्या आधीच स्टिमॅच यांना पद सोडावे लागले. तेथे खेळाडूंची वानवा नव्हती, मॉड्रिच आणि मांजुकिच संघात होते. म्हणून सुरुवात दमदार करून अखेरीस घसरण्याचा हा क्रम केवळ भारतातील परिस्थितीमुळे घडला, असे मला मान्य करता येत नाही.

मध्यरेषा:

दोघांचेही आभार. क्रोएशियाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. एक उपप्रश्न विचारतो. २०२३ च्या उन्हाळ्यात आपण तिरंगी स्पर्धा, आंतरखंडीय चषक आणि सॅफ असे तीन चषक ओळीने जिंकले आणि जागतिक क्रमवारीत ९९ व्या स्थानी पोहोचलो. अवघ्या सहा-सात महिन्यांत हे सारे कसे विस्कटले?

दहा नंबर:

याचे उत्तर मी दोन गोष्टींत शोधतो.

पहिली गोष्ट शिबिरांची. त्या उन्हाळ्यातील यशाआधी खेळाडू दीर्घकाळ एकत्र होते, कारण इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगाम संपलेला होता. हंगाम सुरू होताच क्लब खेळाडूंना सोडण्यास नाखूश झाले. सप्टेंबरमधील हांगझू आशियाई स्पर्धेसाठी संघाची जुळवाजुळव अखेरच्या क्षणापर्यंत चालली होती. खेळाडू सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांकडून १-५ असे हरले. त्यांना पुरेशी झोप तरी मिळाली असेल का, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो. जानेवारीतील आशिया चषकासाठी स्टिमॅच चार आठवड्यांचे शिबिर मागत होते, ते त्यांना मिळाले नाही. गस हिडिंक यांनी २००२ मध्ये दक्षिण कोरियाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेले, त्याचे उदाहरण येथे वारंवार दिले जाते. पण कोरिया यजमान असल्याने त्यांना पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती आणि तेथील लीगने राष्ट्रीय संघाच्या प्रदीर्घ सरावाला मोकळीक दिली होती. ही अनुकूलता स्टिमॅच यांच्या वाट्याला कधीच आली नाही.

दुसरी गोष्ट आघाडीपटूंची, आणि माझ्या मते खरे दुखणे तेच आहे. आयएसएलमध्ये चार परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात असू शकत होते आणि क्लबांनी त्यांतील निदान एक जागा मध्यवर्ती आघाडीपटूसाठीच राखून ठेवली. भारतीय आघाडीपटू एकतर बाकावर बसतो किंवा विंगवर ढकलला जातो. राष्ट्रीय संघातील आघाडीपटू छांगटे आणि मनवीर हे दोघेही आपापल्या क्लबकडून प्रामुख्याने बाजूने खेळत आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतमध्ये आपण जिंकलो, तो गोलही छांगटेच्या डावीकडून आलेल्या क्रॉसवर मनवीरने केला होता. पण आशिया चषकात ऑस्ट्रेलिया (०-२), उझबेकिस्तान (०-३) आणि सीरिया (०-१) यांच्याविरुद्ध क्रॉस येऊनही गोलक्षेत्रात त्याची वाट पाहणारा कोणी नव्हता. छेत्री तेव्हा ३९ वर्षांचा होता.

तरीही विश्वचषक पात्रता फेरीत मार्च २०२४ मध्ये गुवाहाटी येथे अफगाणिस्तानकडून झालेला पराभव मी प्रशिक्षकाच्याच खात्यावर मांडतो. स्वतःच्या देशाच्या महासंघाशी असलेल्या वादामुळे अफगाणिस्तानचे अनेक प्रमुख खेळाडू आलेच नव्हते. छेत्रीने त्याच्या दीडशेव्या सामन्यात पेनल्टीवर आघाडी मिळवून दिली होती. त्यानंतर संघ मागे सरकला, मध्यभाग मोकळा पडला, ७० व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि ८८ व्या मिनिटाला पेनल्टीवर सामना गेला. तेथे शिबिराची किंवा लीगची सबब चालत नाही. त्याच पात्रता फेरीत जूनमध्ये दोहा येथे चेंडू रेषेबाहेर गेल्यानंतरही कतारचा गोल ग्राह्य धरला गेला, हा उघड अन्याय होता. पण गुवाहाटीत जिंकलो असतो, तर आपले भवितव्य त्या एका निर्णयावर टांगले गेले नसते.

जुना बचावपटू:

गुवाहाटीविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एक भर घालतो. स्टिमॅच यांच्यानंतर मानोलो मार्केझ आले, ते एफसी गोवाचे प्रशिक्षकपद सांभाळत राष्ट्रीय संघही पाहत होते. २०२५ मध्ये छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावे लागले. ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली, आणि ऑक्टोबरमध्ये मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असे हरल्यावर २०२७ च्या आशिया चषकाचे दारही बंद झाले. स्टिमॅच यांच्या संघाने त्याच स्पर्धेची मागची पात्रता फेरी २०२२ मध्ये कोलकात्यात तिन्ही सामने जिंकून पार केली होती.