उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये: हसतखेळत दिवस कसे काढायचे?

झिम्मा_फुगडी

आईचं (वय 61) उजवं मनगट मोडलंय. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगटाजवळचं रेडियस हाड गेलं. ऑपरेशन नाही. कोपराखालून तळहातापर्यंत पीओपीचं प्लास्टर आहे, अंगठा मोकळा आहे. आज नववा दिवस. एकूण सहा आठवडे सांगितलेत. पहिल्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जागेवर आहे.

दुखणं आता सोसण्याजोगं आहे, पण तिचं मन लागत नाही. पहाटे साडेपाचपासून हात चालणारी बाई आता खिडकीशी बसून असते. "मी आता कुणाच्या काय कामाची" हे दिवसातून चारदा ऐकू येतं. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण "कशा हो पडलात?" विचारतो. परवा डाव्या हाताने रांगोळी काढताना मात्र ती खदखदून हसली. ते हसू टिकवायचं कसं, आणि या सहा आठवड्यांतून काही पदरात पाडून घेता येईल का? करता येण्याजोगं, नेमकं सांगा.

हातखंडा (फिजिओथेरपी)

रांगोळी बंद करू नका. रोज काढू द्या, कारण डाव्या हाताचं काम हा नुसता विरंगुळा नाही. एका हाताला सराव दिला की न हललेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते, हे 1894 साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी नोंदवलं. पुढे हेच मनगट मोडलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बायकांवर तपासलं गेलं. ज्यांनी चांगल्या हाताने पकडीचा व्यायाम केला, त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड तीन महिन्यांच्या टप्प्यावर सरस होती. सहा महिन्यांपर्यंत बाकीच्याही बरोबरीला येतात, पण घरातल्या माणसाला जड जातात ते सुरुवातीचेच महिने. सराव मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या हुकमाचाही होतो, म्हणून हे घडतं.

डाव्या हातात मऊ चेंडू किंवा घट्ट गुंडाळलेला नॅपकिन द्या. पूर्ण जोर लावून 3 ते 5 सेकंद दाबायचा, सोडायचा. असं 8 ते 10 वेळा, मध्ये थांबून दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. हलकेच दाबून उपयोग नाही, जोर लागला पाहिजे.

आता उजवा हात. प्लास्टर मनगटाला आहे, बोटांना नाही. हे घरातल्यांनाही कळत नाही आणि सगळे मिळून तो हात उशीवर निजवून ठेवतात. मग सहा आठवड्यांनी हाड जुळलेलं असतं पण मूठ वळत नाही. जागेपणी दर तासाला बोटांचे चार आकार 10 वेळा करायचे: बोटं ताठ सरळ, मग मुळाशी काटकोनात वाकवून टेबलासारखी, मग मुळाशी सरळ ठेवून फक्त पेरं वळवलेला आकडा, मग पूर्ण मूठ. त्याबरोबर अंगठ्याचं टोक करंगळीच्या मुळापर्यंत. आईंकडे जपमाळ असेल तर ती उजव्या हातानेच ओढू द्या. 108 मणी म्हणजे अंगठा आणि मधल्या बोटाच्या 108 हालचाली, आणि त्या कोणी मोजायला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट आजच बघा. तळहातावर बोटांच्या मुळांच्या थोडी खाली जी आडवी रेघ असते, तिच्या अलीकडे प्लास्टर संपलं पाहिजे. ते रेघेवर चढलं असेल तर मूठ वळणारच नाही, आई कितीही प्रयत्न करोत. डॉक्टरांकडून कड कापून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. घरी कात्री लावू नका.

गळ्यातली झोळी घरात काढून ठेवा. दिवसातून तीन-चारदा हात डोक्यावर सरळ नेऊन 10 वेळा खाली-वर, कोपर 10 वेळा पूर्ण उघडून बंद. झोळीत अडकलेला खांदा आखडला तर तो मनगटापेक्षा जास्त दिवस छळतो.

बोटं निळी-पांढरी किंवा गार पडणं, मुंग्या, गोळी घेऊनही वाढत जाणारं दुखणं, दुसऱ्याने बोट सरळ करताच कळ येणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना.

पोळपाट_लाटणं

"कामाची नाही" या वाक्याला समजुतीचं उत्तर देत बसू नका, काम द्या. एका हाताचं, पण खरं काम. मटार सोलायला दिले आणि नंतर सुनेने गुपचूप पुन्हा निवडले, तर ते त्यांना लगेच कळतं.

थालीपीठ हे एका हाताचं काम आहे. ओल्या पंचावर भाजणीचा गोळा, डाव्या हाताची ओली बोटं, मधोमध भोक. पीठ नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवा, नाहीतर कड फाटते. आकार काहीही येईल. पहिल्या दिवशी त्याला कोणतं राज्य म्हणायचं हे नातवंडांनी ठरवायचं, खाताना आधी सीमाभाग तोडायचा. पंचा तव्यावर उलटवण्याचं काम मात्र दुसऱ्याचं.

भाजी चिरायची असेल तर लाकडी पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोका, टोकं वर दीड-दोन इंच निघू द्या. बटाटा, कांदा त्यात रोवायचा आणि डाव्या हाताने सुरी चालवायची. पाटाखाली ओलं फडकं घातलं नाही तर पाट सरकतो आणि सुरी घसरते. काम झालं की खिळ्यांच्या टोकांवर बुचं लावून ठेवा. विळी नको. कुकरचं झाकण, गरम कढई आणि भरलेली बादली ही तीन कामं एका हाताची नव्हेतच.

कपड्यांचा नियम एकच: दुखरा हात घालताना पहिला, काढताना शेवटचा. परकराची नाडी काढून इलॅस्टिक घाला. सैल बाहीचा, पुढून बटणांचा गाऊन सगळ्यात सोपा.

आंघोळीच्या वेळी प्लास्टरच्या वरच्या कडेला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळा, वर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला चिकटपट्टी, आणि वर दुसरी पिशवी. हात खांद्याच्या वर फळीवर टेकवायचा. हात खाली सोडला की खांद्यावरून आलेलं पाणी सरळ पिशवीच्या तोंडात जातं. पीओपी भिजलं की मऊ पडतं आणि हाडाला धरून ठेवत नाही, मग नवं घालावं लागतं.

खाज सुटली तर हेअर ड्रायरची थंड हवा कडेतून आत सोडा. विणायची सुई किंवा पट्टी अजिबात नको. आत त्वचा खरचटली तर जखम दिसत नाही, चिघळते. पावडरचेही घामाने गोळे होतात.

मोबाइलच्या कुलपाला डाव्या अंगठ्याचा ठसा जोडून द्या. चेकवर मात्र डाव्या हाताची सही चालणार नाही, नमुन्याशी जुळत नाही म्हणून चेक परत येतो. आणि मराठीत बोलून टाइप करणं शिकवा. त्या बोलतील एक आणि उमटेल भलतंच, ते दुरुस्त न करता बहिणीला तसंच पाठवू द्या. घरातल्या हशाला तेवढं पुरतं, शिवाय बोलून लिहिण्याचं कौशल्य कायमचं हाती येतं.

झिम्मा_फुगडी

प्लास्टर खरंच रेघेच्या वर आलंय! उद्याच कापून आणते. थालीपिठाचं आईला वाचून दाखवलं, भाजणीचा डबा काढायला सांगितलाय. भेटायला येणाऱ्यांचं काय करू?

हास्यकट्टा

त्यांच्यासाठी उत्तर प्लास्टरवरच लिहून टाका, पण मजकूर आईंनी सांगायचा. "बाथरूम. ओली फरशी. चहा घेणार?" एवढं पुरे. पाहुणा वाचतो, हसतो, आणि तीच हकीकत तिसाव्यांदा सांगायची वेळ येत नाही. स्केचपेनने लिहा. ऑइलपेंट फासू नका, पीओपीला हवा लागावी लागते.

विनोदाची एक अट आहे आणि ती पाळलीच पाहिजे: पहिला विनोद दुखणाऱ्या माणसाचा. रांगोळीवर आई आधी हसल्या म्हणून घरच्यांनी हसणं गोड झालं. उलट झालं असतं तर तीच रांगोळी शेवटची ठरली असती. पहिल्या दोन-तीन दिवसांत, झोप नसताना, थट्टा कोणालाच मानवत नाही. "बरं झालं, आराम मिळाला" हे वाक्य तर कधीच नको. तो विनोदही नाही आणि सांत्वनही नाही.

हसण्याने दुखणं कमी होतं का? ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं की खळखळून हसल्यावर, तेही चारचौघांत, माणसाची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. नुसतं मंद स्मित पुरत नाही, पोट हललं पाहिजे. त्यामुळे गोष्ट अशी जुळवा: हसण्याची वेळ आधी, बोटांचा व्यायाम लगेच पाठोपाठ. व्यायामाच्या भीतीने माणूस श्वास धरतो, खांदे आवळतो. हसण्यात श्वास आपोआप लांब सुटतो आणि खांदे खाली येतात.

हास्यक्लब ही आपल्या मुंबईचीच देणगी. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. तिथली "हो हो, हा हा हा" ही टाळी इथे वेगळी करायची: टाळी न वाजवता प्रत्येक "हो"ला बोटं ताठ आणि प्रत्येक "हा"ला मूठ. चार जणांनी गोल बसून दोन मिनिटं. पडताना बरगडीलाही मार लागला असेल, हर्निया असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर हे मुद्दाम हसणं टाळा. बरगडी दुखत असताना आपसूक हसू आलंच, तर छातीशी उशी घट्ट कवटाळायची.

शेजारपाजारचे "मालिश करा, हाड बसवून घ्या" म्हणतील. हाड जुळत असताना मालिश नको, ओढाताण तर मुळीच नको.

चुना_आणि_चांदी (अस्थिविकार विभागात काम)

"काय पदरात पडेल" याचं सगळ्यात मोठं उत्तर अजून कोणी दिलं नाही. उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर मनगट मोडतं, तेव्हा हाडं ठिसूळ होत असल्याची ती पहिली वर्दी असू शकते. मनगट बहुधा पन्नाशी-साठीत मोडतं, खुबा सत्तरीनंतर. मधली वर्षं हाताशी असतात आणि बहुतेक घरांत ती प्लास्टर निघाल्याच्या आनंदात वाया जातात. फार हळहळ वाटते.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःहून विचारा: डेक्सा तपासणी करायची का? कंबरेचा कणा आणि खुबा यांची घनता त्यात मोजतात. सुई नाही, भूल नाही, 10-15 मिनिटं झोपून राहायचं. टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त याचा आकडा) उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. उणे 1 ते उणे 2.5 म्हणजे त्याच्या अलीकडची पायरी. सोबत रक्तातलं ड जीवनसत्त्व बघा. औषध काय आणि किती वर्षं हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

कॅल्शियम दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350, कपभर (250 मिली) दुधात 300 च्या आसपास. डिंकाचे लाडू आवडत असतील तर जरूर द्या, पण त्यांवर हाडाची भिस्त ठेवू नका.

आणि आई पडल्या ती फरशी अजून तशीच आहे ना? न घसरणारी चटई, कमोडशेजारी भिंतीत ठोकलेला दांडा (टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही), रात्रीचा दिवा, झिजलेल्या तळव्याच्या सपाता बाद. डोळे तपासून घ्या, रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना चक्कर येते का तेही विचारा.

झिम्मा_फुगडी

डेक्साचं कोणीच बोललं नव्हतं. लिहून ठेवलं. प्लास्टर निघाल्यावर काय अपेक्षा ठेवायची?

हातखंडा

आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई घाबरतील: हात बारीक, कोरडा, सालं निघालेला, सुजरा आणि ताठ दिसेल. सालं ओढायची नाहीत. कोमट पाण्यात 10 मिनिटं हात बुडवून त्यातच बोटं-मनगट हलवायचं, मग खोबरेल. पूर्ण जोर यायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त.

डॉक्टरांनी परवानगी दिली की नमस्कार हाच व्यायाम. तळवे छातीपाशी जोडून, न सोडता हळूहळू बेंबीकडे न्यायचे, ताण जाणवला की 15-20 सेकंद थांबायचं. 5 वेळा, दिवसातून तीनदा. मग उलटा, हातांच्या पाठी जोडून. ताण हवा, कळ नको.

सगळ्यात उशिरा येते ती तळहात वर फिरवण्याची हालचाल. कोपर कमरेला टेकवून हातात लाटणं उभं धरायचं, मधोमध पकडून सुरुवात, आणि सावकाश आत-बाहेर झुकवायचं. सोपं झालं की पकड टोकाकडे न्या, तेवढंच लाटणं जड होतं. कोपर अंगापासून सुटलं तर खांदा फसवतो आणि मनगट वळल्यासारखं नुसतं वाटतं. मोजायला पट्टी नको. तीर्थ घेताना तळहाताच्या खळग्यात पळीभर पाणी न सांडता थांबलं, की ती हालचाल आली.

आणि पुढचे तीन महिने रोज एकदा तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा उचलून बघायचा. एके दिवशी तो अचानक उचलेनासा झाला, तर न दुखताही लगेच दाखवा. हाड न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्येही अंगठा उचलणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) झिजून तुटू शकते.