मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी व्हीलचेअर बनवतोय, पण मूल खुर्चीतून घसरतंय

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणचा. लोटे एमआयडीसीत ३१ वर्षं फॅब्रिकेशनचं काम केलं, आता निवृत्त आहे. आमच्या गावातल्या सेवा क्लबात आम्ही सहा-सात जण असे आहोत की ज्यांचे हात अजून चालतात. एक टर्नर, एक वायरमन, एक सीटकव्हर शिवणारा, बाकी माझ्यासारखे वेल्डिंगवाले. जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही भिजलेल्या शिलाई मशीन आणि गिरण्या दुरुस्त करून दिल्या, तेव्हापासून एका सदस्याच्या गोडाऊनमध्ये दर शनिवारी जमतो.

मागच्या वर्षी कोणीतरी क्लबात ऑस्ट्रेलियातल्या पर्थची माहिती सांगितली. तिथे रोटरीच्या एका क्लबाने १९९८ साली मुलांसाठी व्हीलचेअर बनवायला सुरुवात केली. काम करणारे बहुतेक निवृत्त लोक, पगार नाही, आणि खुर्च्या गरीब देशांतल्या मुलांना जातात. ते ऐकून आम्हाला वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. पाईप वाकवायचा, वेल्ड करायचा, चाकं लावायची, यात काय अवघड आहे?

१२ खुर्च्या बनवल्या. एक इंची सीआर (कोल्ड रोल्ड) स्टीलचा पाईप, पावडर कोटिंग, मागे २० इंची सायकलची चाकं, पुढे पाच इंची कॅस्टर, म्हणजे गोल फिरणारी छोटी चाकं. सगळ्या एकाच मापाच्या: सीट १४ इंच रुंद, १४ इंच खोल, वर रेक्झिन. मुलं ६ ते १३ वयाची होती, म्हणून मधलं माप धरलं. शाळेच्या मैदानावर कार्यक्रम केला, हार-नारळ झाले, फोटो झाले.

दीड महिन्याने एका वाडीत गेलो. सात वर्षांचा मुलगा आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही, मान नीट धरत नाही, अंग एकदम कडक करतो. आमच्या खुर्चीत त्याची कंबर मागे टेकतच नव्हती. तो पुढे घसरत होता, म्हणून आईने छातीवरून ओढणी बांधली होती. आदल्या आठवड्यात तो घसरत खाली गेला आणि ओढणी गळ्यापाशी आली. आजी पडवीत होती, तिने पाहिलं म्हणून मूल वाचलं. ती माऊली मला म्हणाली, "खुर्ची चांगली आहे हो, आमचं पोरच नीट बसत नाही." मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. पोराचा काही दोष नाही, दोष मापाचा आहे आणि माप मी घेतलं नव्हतं.

त्यानंतर बाराही घरी गेलो. चार मुलांना खुर्ची ठीक आहे, ती स्वतः बसू शकणारी आहेत. पाच जणांना ती मोठी आहे. तिघांना तर तिच्यात बसवूच नये असं माझं मत आहे, त्या तीन खुर्च्या मी परत आणल्यात.

आता विचारायचं ते हे. माप कसं घेतात, हे आम्हाला कोण शिकवेल? मान न धरणाऱ्या मुलाला सीट मागे झुकलेली लागते असं ऐकलं, ती कशी करायची? आणि या खुर्च्यांत बदल करता येईल की मोडून नव्या कराव्यात? क्लब पुढच्या २० खुर्च्यांसाठी पैसे जमवतोय. माप शिकल्याशिवाय मी पाईप कापणार नाही, असं बैठकीत सांगून आलोय. काही जण नाराज आहेत.

प्रतिसाद: लहान मुलांची फिजिओ, पुणे

काका, खुर्च्या परत आणल्यात हे फार बरं केलंत. बाकीच्या घरीही आज फोन करून सांगा की छातीवर किंवा पोटावर काहीही बांधायचं नाही. पट्टा कंबरेला हवा, तोही मांडी जिथे दुमडते तिथे, सीटशी साधारण ४५ अंशात मागे-खाली ओढलेला. कंबर जागेवर राहिली की मूल घसरत नाही. कंबर सुटली तर वर कितीही पट्टे लावा, उपयोग नाही, उलट धोका.

माप घेताना मुलाला कडक पृष्ठभागावर बसवा, कोणीतरी मागून धरा. नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यातून ३ ते ६ सेंटीमीटर वजा करा. ती सीटची खोली. दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजा. रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी, "वाढत्या अंगाचं" म्हणून चार इंच जास्त ठेवायची नाही, ते कपड्यांत चालतं. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप फूटरेस्टसाठी. पाय लोंबकळले की मूल आणखी घसरतं.

झुकवण्याबद्दल: नुसती पाठ मागे पाडू नका. पाठ पडली की कंबरेचा कोन उघडतो, मूल अंग ताठ करतं आणि पुढे सरकतं. सीट आणि पाठ दोन्ही मिळून एकत्र झुकायला हवीत, कोन तोच राहायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेची व्हीलचेअर सेवेची प्रशिक्षण पुस्तकं आहेत, फुकट मिळतात. २०१२ चं प्राथमिक, ते स्वतः बसू शकणाऱ्यांसाठी. २०१३ चं मध्यम स्तराचं, ते आधार लागणाऱ्यांसाठी. तुम्हाला दुसरं लागेल, पण पहिलं वाचून मगच. आणि पुस्तक वाचून एकट्याने करू नका, शेजारी फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (बसणं, जेवणं अशी रोजची कामं जमवायला शिकवणारा) असायलाच हवा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी आहे का ते बघा, जन्मजात दोष आणि वाढीतल्या अडचणींच्या मुलांसाठीचं केंद्र असतं ते. तालुक्याच्या गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक ही मुलं घरोघर जाऊन पाहतात, मुलांची खरी माहिती त्यांच्याकडे असते.

प्रतिसाद: एक आई, दापोली तालुका

काका, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. आम्हाला एका शिबिरात खुर्ची मिळाली होती, ती पडवीतच पडून आहे. दार २६ इंचाचं, खुर्ची २७. वर उंबरा. आमच्या घरापर्यंत पाखाडी आहे, ४० पायऱ्या, त्यामुळे त्याला शाळेत न्यायचं तर मी कडेवरच घेते. आता त्याचं वजन २२ किलो झालंय आणि माझी कंबर गेलीय.

म्हणून सांगते, माप घ्यायला याल तेव्हा मुलाबरोबर दाराचंही माप घ्या. आईला विचारा की मूल दिवसभर कुठे असतं. मला बाहेरच्या खुर्चीपेक्षा घरात बसवायची, खाली चाकं नसलेली, समोर पाट असलेली खुर्ची जास्त उपयोगी पडली असती. भात भरवताना त्याची मान मागे गेली की ठसका लागतो, त्या वेळी तो सरळ हवा, हनुवटी जराशी खाली. नुसतं झोपल्यावर मागे झुकलेला चालतो. तुमची झुकणारी सीट एका हाताने सरळ करता आली पाहिजे, कारण माझ्या दुसऱ्या हातात वाटी असते.

आणि रेक्झिन नको. घाम येतो, घसरतं, लघवी झाली की शिवणीत वास राहतो. धुता येईल असं कापडी कव्हर द्या, दोन द्या.

प्रतिसाद: फॅब्रिकेटर, कोल्हापूर

राम राम काका. फ्रेम मोडू नका. आतली सीट वेगळी बनवा आणि फ्रेमवर बसवा. १२ एमएम मरीन प्लायची सीट आणि पाठ, खाली कडक फोम, वर मऊ, दोन थर. पाठीच्या पट्टीला अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडा, म्हणजे मूल वाढलं की बोल्ट काढून पाठ मागे सरकवता येते. दोन्ही बाजूंचे आधारही तसेच सरकते. १४ इंच रुंद फ्रेममध्ये ९ इंचाची सीट आरामात बसते. उरलेल्या जागेमुळे फ्रेम बोजड वाटेल, पण पाच पोरांची सोय लगेच होईल.

झुकवायला सीटखाली एक पिव्होट (ज्यावर सीट पुढे-मागे फिरेल असा खिळा) आणि बाजूला भोकांची अर्धगोल पट्टी, स्प्रिंगची पिन. त्या ताईंनी सांगितलं तसं एका हाताने खेचता येईल अशी. एक महत्त्वाचं, सीट मागे झुकली की वजन मागच्या चाकाच्या पलीकडे जातं आणि खुर्ची उलटी पडते. मागचा आस तीन-चार इंच मागे घ्या आणि मागे दोन छोटी चाकं लावा. वाळूची पिशवी बांधून आधी चढावर तपासा, मूल नंतर.

पाच इंची कॅस्टर तुमच्या लाल मातीत रुततील. आठ इंची, रुंद आणि भरीव घ्या. आणि कोकणची हवा, नट-बोल्ट स्टेनलेसचेच.

प्रतिसाद: मूळ धागाकर्ता

ताई, तुमचं वाचून मी ते क्लबाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. नाराज होते तेही गप्प झाले. २० चा आकडा आम्ही सोडलाय, आधी परत आणलेल्या तिघांचं करू. त्यातल्या एकाला चाकांची खुर्ची नकोच आहे, घरातली पाटवाली हवी आहे, हे त्याच्या आजोबांना विचारल्यावर कळलं. गट साधन केंद्रातले सर शनिवारी आमच्याबरोबर आले होते.

फिजिओ मॅडम, त्या ओढणीवाल्या मुलाचं माप घेतलं. नितंब ९ इंच. डावी मांडी १२ इंच, उजवी ११. तीनदा मोजलं, सरांनीही मोजलं, फरक येतोच. उजवा पाय आत वळलेला दिसतो आणि लंगोट बदलताना तो रडतो असं आई म्हणते. सीट दोन्हीकडे ११ च्या हिशेबाने कापू का?

प्रतिसाद: लहान मुलांची फिजिओ, पुणे

काका, थांबा, प्लाय अजून कापू नका. तीनदा मोजून फरक येतोय, पाय आत वळलाय आणि मूल रडतंय, म्हणजे उजवं खुब्याचं हाड सांध्यातून सरकलेलं असू शकतं. या मुलांमध्ये हे बऱ्याचदा होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून खुब्यांचा एक्स-रे करून घ्या. तोवर पाय जोर लावून सरळ करायचा नाही, आईलाही सांगा. डॉक्टरांनी बसवायला हरकत नाही म्हटलं तर सीट डावीकडे लांब, उजवीकडे आखूड अशी दोन मापांत कापायची. एक्स-रे झाला की इथे लिहा, मी फोनवर आहेच.