प्रति: व्हिडिओ बघून पिस्तूल शिकता येईल का?

सोलापूरजवळच्या शेतवस्तीवर राहणाऱ्या दादांनी विचारलंय, परवाना मिळाला, आता पुस्तकं-व्हिडिओवर भागेल का? पकड कशी, उभं कसं राहायचं, हे त्यातून छान कळतं. पण चाप ओढताना मनगटाला बसणारा हिसका आपला आपल्याला दिसत नाही, तो शेजारी उभा असलेला प्रशिक्षकच पकडतो.

घरी कोरा सराव, म्हणजे गोळी न भरता नुसता चाप ओढायचा सराव, जरूर करा. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यावर, नाणं ठेवून चाप ओढा. नाणं पडता कामा नये. जिवंत गोळी फक्त रेंजवर.

आणि दादा, भारतीय न्याय संहितेची स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दलची 34 ते 44 कलमं वाचाच. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क कायदा देत नाही, आणि हे कुठलाही नेमबाजीचा व्हिडिओ नीट सांगत नाही.