चार पिढ्या ग्रॅज्युएट आणि 'रक्तातली हुशारी'

माणदेशी_गडी:
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका महाशयांची पोस्ट. 'आमच्याकडे चार पिढ्या ग्रॅज्युएट. हुशारी रक्तातच असावी लागते, फी माफ करून ती येत नाही.' खाली हात जोडलेली इमोजी. तिथे बोललो तर ॲडमिन काढेल, म्हणून इथे ओकतोय. अहो, १९५१ ला देशात साक्षर १८ टक्के, २०११ ला ७४. साठ वर्षांत अख्ख्या देशाचं रक्त बदललं काय? माझा आजा सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायचा आणि निळी शाई धोतराला पुसायचा. बाप रयतच्या वसतिगृहात राहून, 'कमवा आणि शिका'त बागेला पाणी घालत बीए झाला. मी इंजिनिअर. रक्त तेच, मधे फक्त कर्मवीर आले.

चष्मिष:
साक्षर होणं वेगळं आणि हुशारी वेगळी, उगाच गल्लत करू नका. २०१८ ला ११ लाख लोकांच्या डीएनएवर पेपर आला, किती वर्षं शिकलात याच्याशी संबंध असलेल्या बाराशेच्या वर जागा सापडल्या त्यात. पचत नाही म्हणून विज्ञान खोटं ठरत नाही. आमच्याच घरात दोन सख्खे भाऊ, तीच शाळा, तोच मार खाल्लेला, एक सीए आणि दुसरा दहावीतच अडकला.

लॅबवाली:
चष्मिष, तो पेपर पुढे पण वाचा की. त्या बाराशेच नाही, डीएनएवरच्या लाखो जागा मिळून धरल्या तरी माणसामाणसातल्या शिक्षणाच्या फरकाचा ११ ते १३ टक्केच हिशोब लागतो, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. त्याच वर्षी आइसलँडचा पेपर आला, त्यात आईबापाची जी जनुकं पोराला मिळालीच नाहीत त्यांचाही पोराच्या शिक्षणावर परिणाम दिसला, मिळालेल्यांच्या जवळजवळ ३० टक्के. जे अंगात आलंच नाही ते काम कुठून करणार? घरातून. आईबाप काय बोलतात, काय वाचतात, अभ्यासाला कोण घेऊन बसतं. तुमच्या दोन भावांचं मात्र मान्य, तिथे जनुकांचा हात असू शकतो.

खवचट_काका:
जनुकं गेली खड्ड्यात. हुशारी आता क्लासवाल्याच्या पावतीबुकात असते. भाचीच्या नीटसाठी लातूरला खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज, मेव्हण्याने विहिरीकडचं रान विकलं. आणि मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते.

लातूरकर:
काका, लातूरला नावं ठेवायची नाहीत. आमची पोरं बोर्डात झळकायला लागली तेव्हा पुण्यामुंबईवाल्यांनी घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडली, आता तुमचीच पोरं खोल्या शोधत येतात. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याची किती पोरं डॉक्टर झाली ते या बघायला.

खवचट_काका:
ज्यांची झाली नाहीत त्यांचे फोटो फ्लेक्सवर लावता का? रान विकायला नसतं ती पोरं कुठे जातात?

लातूरकर:
मग पुण्यात काय फुकट शिकवतात? तुमची जळते, बाकी काही नाही.

चष्मिष:
बरं बाई, घ्या ते ३० टक्के, हार घालू का? पण घर म्हणजे शेवटी शिकलेले आईबापच ना? म्हणजे ग्रुपवरचे महाशय बरोबरच की, शिकलेल्यांची पोरं शिकतात.

माणदेशी_गडी:
म्हणूनच तर फी माफी लागते राव! ज्याच्या घरात नाही त्याला बाहेरून द्यायचं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड ठेवला, रक्त तपासत बसले नाहीत. त्या महाशयांच्या पणजोबांना शाळेची दारं उघडी होती, माझ्या पणज्याला गावात शाळाच नव्हती. चार पिढ्यांचा हिशोब तिथून मांडा. आणि लातूरवाल्यांनो, क्लासच्या भांडणाला वेगळा धागा काढा.

खवचट_काका:
काढतो, पण आधी हे लातूरकर मेसचा भाव बोलू देत.

लातूरकर:
डबा लावा काका, स्वस्त पडतो. नंबर खाजगी निरोपात पाठवतो.