मदत हवी आहे : स्पोर्ट्स व्हीलचेअरचा कॅम्बर बार फिरतोय

बास्केटबॉलची खुर्ची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कॅम्बर (चाकांचा वरून आत झुकाव) १८ अंश, चाकं २५ इंची. कॅम्बर बार म्हणजे दोन मोठ्या चाकांना जोडणारी आडवी नळी; ती फ्रेमच्या क्लॅम्पमध्ये धरलेली असते. सरावात अर्ध्या तासात जड चालते. अ‍ॅक्सलच्या उंचीवर दोन रिममधलं अंतर मोजलं, तर पुढे मागच्यापेक्षा ८ मिमी जास्त. म्हणजे चाकं पुढून फाकलीत, टायर जमिनीला घासतोय. सायकलवाला म्हणाला, चाक आउट आहे. नाही हो, चाकं सरळ फिरतात.

हवा ११० पीएसआय आहे, बेअरिंग बदलले, पुढची छोटी चाकं एका उंचीला आणली. क्लॅम्प सैल करून बार फिरवला की अंतर जुळतं, पण दोन-चार धडका बसल्या की परत तेच. क्लॅम्पच्या आत बारवर चकचकीत पट्टा पडलाय, घसरतोय तिथेच. बोल्ट अजून आवळले तर आटे जातील. वेल्डिंग नको, तापल्यावर नळी तिथे मऊ पडते आणि कॅम्बर कायमचा अडकतो.

खुर्ची एकच, दोघांत. दोन दिवसांपेक्षा जास्त दुरुस्तीला सोडता येत नाही.

बारभोवती पातळ पितळी पत्रा घालून भागेल, की आरपार पिन मारावी? आणि सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत असं बारीक काम करणारा लेथवाला कोणाच्या माहितीत आहे का?